चौसष्टावी ओळ

नंदा,

तुझ्या दहाव्याच्या सामानाची यादी मीच केली. खुर्च्या, ताडपत्री, दूध, चहापूड, पत्रावळी, भटजींनी सांगितलेलं सामान. सातव्या ओळीवर मी लिहिलं, ‘तांदूळ किती लागतील, नंदाला विचारणे.’ त्याखाली आठवी ओळ लिहिली, नववी लिहिली आणि कागद दत्ताभाऊजींच्या हातात दिला. तुझ्या नवऱ्याने तो शेवटपर्यंत वाचला आणि मला परत दिला. मग मी वाचला.

ती ओळ मी खोडली नाही. पेन टेकवलं, पण हात पुढे सरकेना. कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि नव्या कागदावर यादी पुन्हा केली. तांदूळ अंदाजाने आणले. कमी पडले.

आज रविवार. तुला जाऊन अकरा दिवस झाले, आणि मला अजून काहीही कळलेलं नाही. मी रडतेय असंही नाही. सगळे म्हणतात, सुलभाताईंनी किती व्यवस्थित सांभाळलं. मी फक्त एकामागून एक कामं करतेय. म्हणून जे झालं तेही तसंच, क्रमाने लिहिते. मला दुसरं काही जमत नाही, हे तुला माहीत आहे.

बुधवारी सकाळी गोदामात मोजणी चालू होती. मी रॅक चौदापाशी होते. मोजणी चालू असताना मी फोन घेत नाही. तो तीनदा वाजला, मग घेतला. गिरणीवाला होता. “मॅडम, वो आपके साथ चिड़िया देखने जाती हैं ना, वो दीदी लाइन में खड़े-खड़े गिर गईं.” मी म्हटलं, “पानी दो, बिठाओ, मैं पंद्रह मिनट में आती हूँ.” आणि फोन ठेवून कागदावर आकडा लिहिला, एकशे अठ्ठेचाळीस खोकी. दुसऱ्या माणसाची सही घेतली. मग निघाले. मला वाटलं, तू सकाळी काही न खाता निघाली असशील. पोहोचल्यावर तुला चार शब्द ऐकवायचे ठरवले होते, ते शब्दसुद्धा तयार होते.

गिरणीत तुझा पिठाचा डबा रांगेतच होता. पुढच्या बाईच्या डब्यामागे, मागच्या बाईच्या डब्यापुढे. तुझा नंबर कुणी घेतला नव्हता. तुला रिक्षात घालून नेलं होतं, आणि दवाखान्यात पोहोचायच्या आधीच तू गेली होतीस. मेंदूत रक्तस्राव, म्हणाले. एकोणपन्नासाव्या वर्षी. गव्हाच्या रांगेत.

तो मोजणीचा कागद मी नंतर तपासला. त्यात एकही चूक नाही.

*

नोव्हेंबरात ठाण्याच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर ते आव्हान आलं तेव्हा मी ते तुला वाचून दाखवलं होतं. दोघांची जोडी. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. घराच्या दारातून पायी निघायचं, पायीच परत यायचं, आणि तेवढ्या टापूत जितके पक्षी दिसतील त्यांची यादी करायची. गाडी नाही, रिक्षा नाही, सायकलही नाही. तू विचारलंस, “बक्षीस काय?” मी म्हटलं, काही नाही. “मंग कशाला जायचं?” आणि लगेच, “कवा निंगायचं?”

ग्रुपवर एकेकाचे टापू काय होते! कुणाच्या दाराशी तळं, कुणाच्या मागे डोंगर. गणेशपुरीकडची एक जोडी पहिल्याच दिवशी धनेशाचा फोटो टाकून मोकळी झाली. आपल्या राहनाळात गोदामं. गेटबाहेर पाय टाकला की ट्रेलरची रांग आणि पिंपळाच्या पानावरसुद्धा बोटभर धूळ. तू म्हणालीस, “आपन ट्रेलर मोजू. गुजरातचे वेगले, हरयानाचे वेगले. पयला नंबर आपलाच.”

नियम मी केले, कारण नियम मीच करते. आमच्या गोदामात एकट्याची मोजणी धरत नाहीत. एकाने मोजायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांच्या सह्या झाल्या तर आकडा खरा. दुसरी सही नसेल तर त्या मालापुढे ‘तपासणी बाकी’ असं लिहितात, आणि ती होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. तेच मी वहीत आणलं. पक्ष्याचं नाव, तारीख, जागा, मग तू आणि मी, दोघींचा प्रत्येकी एक रकाना. आपल्या रकान्यात आपण सही करायची नाही. तू पाहिलास त्याची सही मी करायची, मी पाहिला त्याची तू. दोन्ही रकाने भरले तरच ओळ धरायची.

पहिल्या दिवशी साडीवर माझे जुने बूट घालून गेटपाशी उभी राहिलीस आणि वर बोट दाखवलंस. “हा बग कावला. कर सही.” मी म्हटलं, कावळा काय धरायचा? “का? त्याला पाय न्हायत? का तो रिक्षानी आयलाय?”

कावळा पहिल्या ओळीवर आहे.

मी राहनाळात बावीस वर्षं राहते. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर आहे तिथे तुझ्या सासरच्यांचं भात होतं, हे मला ठाऊक होतं. पण गोदामांच्या मागे, शेवटच्या भिंतीपलीकडे, खाडी अजून आहे, हे मला तू दाखवलंस. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीतून आडवी झालीस आणि पलीकडून हाक मारलीस, “ये गो मास्तरीन, हितं तुजी यादी बसलीय.” बांध, तिवरं, चिखल, आणि चिखलात लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे. त्या एका सकाळी आपण अकरा ओळी भरल्या. मी मान खाली घालून लिहीत होते आणि तू म्हणालीस, “आदी बग तरी. लिवायला दिवस पडलाय.”

ते मी शिकले. अर्धवट का होईना. टिटवी का ओरडते, धोबी पक्ष्याची शेपटी खाली-वर का होते, घार आली की कुठल्या मैना आधी गप्प होतात, हे सगळं तुला खारबावच्या खाडीवर वाढताना मिळालं होतं. मला ते पन्नाशीनंतर मिळालं, दर रविवारी, फुकट. आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. उलट मी तुला बुटांच्या नाड्या नीट बांध म्हणून ओरडत असे.

जानेवारीअखेर त्रेसष्ट ओळी झाल्या. भरावाची माती, पत्रे आणि ट्रेलर यांच्यामध्ये त्रेसष्ट. ग्रुपवर कुणी विश्वास ठेवेना.

*

आता ते भांडण.

जानेवारीतला शेवटचा मंगळवार. संध्याकाळी तू जिना चढून धापा टाकत आलीस आणि दारातच म्हणालीस, “चौसष्टवा! उगाडीवर, मना दिसला. थांब्या!”

बांधात जिथून भरतीचं पाणी आत घेतात आणि अडवतात, ती झडप म्हणजे उघाडी, हे तोवर मी शिकले होते. थांब्या कोण, ते विचारावं लागलं. काळा-पांढरा खंड्या, पाण्यावर हवेत एका जागी थांबतो, चोच खाली, आणि तसाच दगडासारखा खाली पडतो. तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. खारबावला ते उघाडीवर जाळं लावून बसायचे आणि तू शेजारी. थांब्या दिसला की बाबा म्हणायचे, आता मासळी आली. मी पुस्तक काढलं. कवड्या खंड्या. तू चित्रावर बोट ठेवलंस. “ह्योच. वीस वर्सांनी बगला मी त्याला.”

मी विचारलं, “फोटो?”

“फोन घरी हुता.”

“बरोबर कोण होतं?”

“कोन असनार? मी हुते.”

“मग कसा धरायचा? मी पाहिला नाही. मी सही कशावर करू?”

तू म्हणालीस, “माज्यावर कर.”

मी म्हटलं, तसं चालत नाही. मग तू म्हणालीस, “बरं, सही नको करू. तुमच्या गोदामात लिवतात ना, तपासनी बाकी, तेवडं तरी लिव.” मी म्हटलं, यादीत बाकी ठेवत नाहीत, यादी म्हणजे यादी. तू अजूनही हसत होतीस. आणि मग मी ते वाक्य बोलले. शांतपणे, समजावल्यासारखं बोलले, हे जास्त वाईट.

“नंदा, तुला तो दिसला नाही. तुला तो आठवला.”

तू पुस्तक मिटलंस. “मी बगला त्याला,” एवढंच म्हणालीस. चहा टाकला होता, तो न घेता उतरलीस. खालच्या वळणावरून आवाज आला, “सही तुजीच चालते ना, मंग र्‍हाऊ दे.”

त्यानंतरचे दोन रविवार आपण गेलो. तू आलीस, बूट घातलेस, पक्षी दाखवलेस, पण सगळे आधीच लिहिलेले. नवीन काही दाखवायला तुला मन राहिलं नव्हतं, का खरंच काही नवीन नव्हतं, ते मला कळलं नाही. उघाडीकडे जायचं तू नाव काढलं नाहीस. मीही काढलं नाही. मी ठरवलं होतं की महिना संपताना एकदा तो विषय काढायचा, नीट बोलायचं. माझ्या डोक्यातल्या कामांच्या यादीत ते होतं. खालच्या ओळींत होतं.

*

आज सकाळी साडेसहाला मी गेटवर उभी होते. का, ते माहीत नाही. रविवार होता म्हणून. बूट घातले, वही घेतली, आणि पाच मिनिटं थांबून मग लक्षात आलं की मी थांबलेय.

पत्र्यांच्या फटीजवळच्या गोदामावरचे वॉचमन यादवजी खुर्चीवर शाल घेऊन बसले होते. नेहमीसारखं म्हणाले, “आज भी चिड़िया, मॅडम?” आणि माझ्या मागे पाहिलं. “दीदी नहीं आईं? दस-बारह दिन से दिखी नहीं.”

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या यादीत सगळ्यांना कळवणं होतं, यादवजी नव्हते. मी सांगितलं. ते उभे राहिले, शाल खांद्यावरून घसरली ती उचलली नाही.

“रोज आती थीं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही, रविवारी यायचो आम्ही.

“नहीं मॅडम, अकेली. रोज सुबह, आधा घंटा. वहाँ पानी के गेट के पास बैठती थीं, हाथ में मोबाइल पकड़ के. मैं पूछा, दीदी किसका फोटो लेना है? बोलीं, एक चिड़िया है, मैडम को दिखाना है. मैडम बहुत पक्की हैं, ऐसे नहीं मानतीं.” आणि मग, “हँस के बोलती थीं. गुस्सा नहीं था.”

नंदा, तू मंगळवारनंतर रोज गेलीस. दोन आठवडे. घरचं पाणी भरून, डबे करून, अर्धा तास उघाडीवर बसून, मला फोटो देण्यासाठी. आणि रविवारी माझ्यासोबत चालताना त्यातलं काहीही बोलली नाहीस. त्या बुधवारीसुद्धा गिरणीच्या आधी तू तिथे गेली होतीस का? यादवजींना आठवेना. मी दोनदा विचारलं. त्यांना आठवेना.

मी फटीतून आडवी होऊन पलीकडे गेले. ओहोटी होती. उघाडीच्या लाकडावर शेवाळ, खाली हातभर पाणी. तू कुठे बसत असशील ते लगेच कळलं, कारण बांधावर तेवढीच एक सपाट जागा आहे. मी तिथे बसले नाही. उजवीकडे उभी राहिले, जशी नेहमी उभी राहते, डावीकडची जागा सोडून.

किती वेळ गेला ते घड्याळात पाहिलं नाही. हे माझ्याकडून पहिल्यांदाच झालं.

आणि तो आला. तिवरांच्या मागून, पाण्यावरून सरळ, कावळ्यापेक्षा लहान. काळा-पांढरा. उघाडीसमोर आला आणि थांबला. हवेत. पंख इतके जोरात हलत होते की दिसत नव्हते, पण डोकं जागचं हलत नव्हतं. चोच खाली. मी मनात आकडे मोजले, दुसरं काय करणार? अकरापर्यंत. मग तो पडला. अगदी तू म्हणालीस तसा, दगडासारखा. पाणी उडालं, रिकाम्या चोचीने वर आला आणि भिंतीवरून गोदामामागे गेला.

मी डावीकडे वळून म्हटलं, “बघ, बघ, बघ!”

मोठ्याने म्हटलं. आवाज पत्र्यावर आपटून परत आला. फोन पर्समध्ये होता, आणि पर्स खांद्यावर. मी पर्स उघडलीच नव्हती. यादवजी भिंतीच्या त्या बाजूला. पुढे तासभर उभी राहिले, तो परत आला नाही.

*

दुपारी मी तुमच्या घरी गेले. दत्ताभाऊजी ओट्यावर बसले होते. तुझे बूट, म्हणजे माझे, दाराशीच होते. नाड्या सुटलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उघाडी, खंड्या, अकरा आकडे. मी भराभर बोलत होते, पंख कसे, चोच कशी, हात वर करून दाखवत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग खूप मायेने म्हणाले, “दिसला असंल, ताई.”

असंल.

“दिसला असेल नाही भाऊजी, दिसला.”

“व्हय, व्हय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “असं व्हतं या दिवसांत. मनापन ती परवा चुलीपाशी दिसली. पाटमोरी. मी हाकसुद्दा मारली.”

माझा हात अजून वरच होता. मी तो खाली घेतला.

मला ओरडायचं होतं. भाऊजी, मी भ्रमात नाही, मला आठवलेला नाही तो, मी हा पक्षी यापूर्वी जन्मात पाहिलेला नव्हता, मी आठवणार कुठून? माझ्या तोंडून निघालं एवढंच, “मी बघितला त्याला.” आणि हे वाक्य मी आधी कुठे ऐकलंय ते मला त्यांच्या ओट्यावर, तुझ्या बुटांशेजारी उभं असताना कळलं.

असं वाटतं होय, नंदा? डोळ्यांनी धडधडीत पाहायचं, आणि समोरच्या प्रेमाच्या माणसाने आपल्याला समजावून सांगायचं की तू पाहिलं नाहीस. तू त्या दिवशी जिना उतरलीस तेव्हा असंच वाटत होतं? आणि तरीही तू दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे जाऊन बसलीस. माझ्यावर दार आपटायचं सोडून, माझ्यासाठी फोटो आणायला.

मी असते तर गेले नसते. वही मिटून टाकली असती. हे खरं आहे, आणि ते तुला सांगायचं राहिलं. माफीही राहिली, पण माफी मागितली असती तर तू विषय बदलून म्हणाली असतीस, “चल, भूक लागली.” म्हणून ती इथे एकदाच लिहिते. माझं चुकलं. तुला दिसला होता.

*

आता संध्याकाळचे सात वाजलेत. वही समोर आहे. फेब्रुवारी संपत आलाय, ग्रुपवर यादी मागतायत. मी तुझं काहीही कळवलेलं नाही तिथे. काय कळवू? जोडीतला एक कमी, असं?

चौसष्टावी ओळ मी लिहिली. नावाच्या जागी आधी ‘थांब्या’ लिहिलं, पुस्तकातलं नाव त्याच्यामागे, लहान अक्षरात. जागा, बांधावरची उघाडी. तारखेला तुझा तो मंगळवार. तुझ्या रकान्यात मी सही केली. पूर्ण नाव, वळणदार, जशी मोठ्या मोजणीवर करते. कशावर केली विचारशील, तर तुझ्यावर केली. तू म्हणाली होतीस तशी.

राहिला माझा रकाना. मी पाहिला, आजच्या तारखेला, अकरा आकडे. पण माझ्या रकान्यात मी सही करू शकत नाही. ती तुझी जागा आहे. यादवजींना विचारलं असतं तर त्यांनी केली असती, भाऊजींनी तर माझं मन राखायला नक्कीच केली असती. मला ती नको.

म्हणून बेरीज अजून त्रेसष्टच धरली आहे. आणि माझ्या रकान्यात, तू मागितले होतेस आणि मी दिले नव्हते, ते दोन शब्द लिहिले आहेत.

तपासणी बाकी.

असा माल आम्ही हलवत नाही, नंदा. जागेवरच ठेवतो.